पाचवा देश शोधण्याआधी

ताई,

मी मूळची नेरूळची, सासर ठाण्याचं, पाचपाखाडीतलं. २०१२ साली लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी आम्ही दुबईला गेलो. २०१६ च्या शेवटी जर्मनी, स्टुटगार्ट. मुलगी तिथलीच. ऑगस्ट २०२३ पासून कॅनडात, मिसिसागाला, पीआरवर, म्हणजे कायम रहिवासी म्हणून. हे आयटीत आहेत, मी फिजिओथेरपिस्ट. दुबईचं लायसन्स मिळून नोकरीत जेमतेम वर्ष झालं, तोवर जर्मनी. तिथे बी-टूपर्यंत जर्मन शिकले, पदवीला मान्यता मिळवली, दोन वर्षं काम केलं, तोवर कॅनडा. इथे पुन्हा कागदपत्रं, पुन्हा परीक्षा. गेल्या वर्षी ओंटारिओचं रजिस्ट्रेशन हातात पडलं.

आता हे म्हणतात, इथेही मन लागत नाही. थंडी, घरांचे भाव, एकटेपणा. रोज रात्री पोर्तुगालचे व्हिडिओ बघणं चालू असतं. मधेच म्हणतात, त्यापेक्षा सरळ ठाण्याला जाऊ, कासारवडवलीचा आपला फ्लॅट आहेच. तो २०१८ ला बुक केला, २०२२ ला ताबा मिळाला, तेव्हापासून भाड्याने दिलाय. मी तो आतून एकदाच पाहिलाय. सासरे एप्रिल २०२१ मध्ये करोनात गेले, आम्ही पोचू शकलो नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या, एकट्या असतात. त्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे, वर्षभरात घर रिकामं करावं लागेल. माझे आईवडील नेरूळला, भाऊ ऐरोलीत, त्यांची काळजी नाही.

मुलगी आठ वर्षांची आहे. परवा तिने फिश टँक मागितला तर हे म्हणाले, तो बरोबर नेता येत नाही. आमचा मिक्सर लग्नातलाच आहे, २३० व्होल्टचा. कॅनडात तसा चालत नाही म्हणून ओट्यावर एक जड ट्रान्सफॉर्मर ठेवलाय. नवा घेऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं, पुढच्या देशात परत २३० असेल. आमचं घर नक्की कुठे आहे, आणि ते ठरवायचं कसं?

एक वाचक, मिसिसागा

---

तुम्ही विचारलंत घर कुठे. त्याआधी तुमच्याच पत्रातली एक गोष्ट पुढे ठेवते, कारण ती तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. दुबईत परवाना मिळाला, नोकरी लागली, निघालात. जर्मनीत भाषा आली, मान्यता आली, पेशंट ओळखीचे झाले, निघालात. कॅनडात गेल्या वर्षी नोंदणी झाली आणि यंदा घरात पोर्तुगालचे व्हिडिओ सुरू झाले. दर वेळी तुमचं बूड टेकलं रे टेकलं की सामान बांधायची वेळ येते.

यात नवऱ्याचा काही डाव आहे असं मला वाटत नाही. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. आयटीतल्या माणसाला कुठलाच देश परवाना मागत नाही. लॅपटॉप उघडला की कामाला सुरुवात. पेशंटच्या खांद्याला, कमरेला हात लावणाऱ्या माणसाला मात्र प्रत्येक देश परवाना मागतो, आणि मागावाच. त्यामुळे तुमच्या घरात देश बदलायची किंमत दोघांना सारखी पडत नाही. ह्यांची जाते ती नोटीस पीरियडपुरती, तुमची जातात तीन-तीन वर्षं. हे एकदा दोघांनी मिळून कागदावर लिहा. भांडणासाठी नको, पण इतकी वर्षं हा खर्च कुठल्याच हिशेबात धरलेला नाही म्हणून.

शिवाय तुमच्या पत्रात तुमची स्वतःची कुठल्याही देशाबद्दल फारशी तक्रार नाही. दुबई वाईट नव्हती, स्टुटगार्ट बरं होतं, मिसिसागाही चाललंय. देश कुठला, याच्याशी तुम्हाला फारसं देणंघेणं दिसत नाही. तुम्हाला थांबायला मिळायला हवंय. माझं मत विचाराल तर घर जागेमुळे कमी आणि मुदतीमुळे जास्त होतं. पाच-सात वर्षं इथेच आहोत, असं धरून माणूस जगायला लागला की शेजारी ओळखीचे होतात, डॉक्टर ठरतो, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन भांडावंसं वाटतं. उद्या निघायचंच आहे म्हटल्यावर कोण कशाला भांडेल? तुम्ही तिन्ही ठिकाणी पाहुण्यासारखे नीट वागून राहिलात आणि पाहुण्यासारखेच निघालात.

तेव्हा पोर्तुगाल नको. त्या देशाशी माझं वैर नाही. पण एका रांगेत तीन देशांनी जे दिलं नाही ते चौथा परदेश देईल, असं मानायला तुमच्या पत्रात मला काही आधार सापडला नाही. व्हिडिओत दिसतं त्यातलं बरंचसं जुनंही असतं. घर विकत घेऊन रहिवासी परवाना मिळवायचा गोल्डन व्हिसाचा रस्ता तिथे ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद झाला. आता आयटीवाल्याला सहसा उरतो तो बाहेरच्या कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा, म्हणजे ह्यांच्या नोकरीवर टांगलेला. लिस्बनमधल्या घरभाड्यांवरून तिथली माणसंच रस्त्यावर उतरली आहेत. आणि तुम्हाला? पुन्हा पदवीची मान्यता, पुन्हा नियामक संस्था, आणि पेशंटला ‘कुठे दुखतं’ हे विचारण्यापुरतं नव्हे तर तो काय सांगतो ते कळण्याइतकं पोर्तुगीज. चौथ्यांदा. (आपल्या घोडबंदरच्या किल्ल्याचे मूळचे मालक पोर्तुगीजच. १७३७ मध्ये मराठ्यांनी त्यांना ठाण्यातून हुसकावलं. आता त्याच घोडबंदर रोडवर, कासारवडवलीत, फ्लॅट घेतलेला माणूस त्यांच्याकडे निघालाय, हे वाचून मला हसू आलं, माफ करा.)

आता ठाणं. इथे मामला वेगळा आहे, कारण ‘ठाण्याला जाऊ’ या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न गुंडाळलेत: सासूबाईंचं काय, कासारवडवलीच्या फ्लॅटचं काय, आणि तुमच्या तिघांचं काय. ते सोडवायचे तर एकेक करूनच सोडवावे लागतील.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण मुदत फक्त तिथेच आहे. तुमच्या एवढ्या लांब पत्रात त्यांचं एकही वाक्य नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? त्या ७४ वर्षांच्या आहेत, एकट्या आहेत, त्यांचं घर पाडलं जाणार आहे, एवढंच कळलं. त्यांना काय हवंय हे कोणी विचारलंय की नाही, ते कळलं नाही. मिसिसागाहून ‘आम्ही आलो की तुम्ही कासारवडवलीला चला’ असं फोनवर सांगणं सोपं आहे. पाचपाखाडीत जन्म काढलेल्या बाईला भाजीवाला, डॉक्टर, देऊळ, दुपारी येऊन बसणाऱ्या चार जणी, सगळं पायी पोचण्यासारखं असतं. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या कॉम्प्लेक्सात बाग असते, क्लबहाउस असतं, आणि गेटाबाहेर पडायला रिक्षा लागते. अंतर म्हणाल तर कासारवडवली ते पाचपाखाडी दहा-अकरा किलोमीटर. पण गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रोचं काम आणि गायमुख घाटातली दुरुस्ती एकत्र आली की संध्याकाळी त्याला किती वेळ लागेल हे ठाण्यात कोणी छातीठोक सांगत नाही. ‘मेट्रो आली की होईल’ हे वाक्य तर आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की त्यावर आता बोलवत नाही.

म्हणून सासूबाईंना त्यांच्या वस्तीतच ठेवा. रीडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर दर महिन्याचं भाडं देतो, वर डिपॉझिट, ब्रोकरेज, सामान हलवण्याचा खर्च असं ठरलेलं असतं. पण एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. बिल्डिंग रिकामी करायची नोटीस लागली की तिथली सगळी कुटुंबं एकदम, त्याच आठ-दहा गल्ल्यांत, लिफ्ट असलेलं वन बीएचके शोधायला निघतात. पंधरा दिवसांत भाडी वर जातात आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला चौथ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर येतं. नोटिशीची वाट न बघता दोन-तीन महिने आधीच शोधायला लागा.

त्याहून मोठं काम कागदाचं आहे. सासरे जाऊन पाच वर्षं होत आली. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून त्यांचंच नाव आहे का? असेल तर आधी ते बघा. नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव लागलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी आणि मुलं असे सगळेच वारस. ह्यांना भावंडं असतील तर त्यांच्याशी बोलून हक्कसोडपत्र करायचं की नावं एकत्र लावायची, हे बिल्डरशी सही होण्याआधी ठरायला हवं. नव्या फ्लॅटचा, म्हणजे कायमस्वरूपी पर्यायी जागेचा, करार रजिस्टर होताना ज्याचं नाव लागेल त्याच्याशी पुढची वीस वर्षं बांधलेली आहेत. कार्पेट एरिया किती, वाढीव जागा आहे का, भाडं दर वर्षी किती वाढणार, काम रखडलं तर भाडं चालू राहणार का, बँक गॅरंटी दिली आहे का, हे सगळं त्या करारात असतं. ते ७४ वर्षांच्या बाईने एकटीने वाचावं अशी अपेक्षा ठेवू नका. सोसायटीच्या कमिटीत चांगली माणसं असली तरी ती आपापला फ्लॅट बघत असतात.

हे काम तुमच्या नवऱ्याचं आहे, आणि ते त्यांनी एकट्याने येऊन करावं. यंदाच, दीड-दोन महिन्यांसाठी. वकिलाला पॉवर ऑफ ॲटर्नी देऊन भागतं खरं, पण भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं ते पत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, आणि आईशेजारी बसून करार वाचणं काही पॉवर ऑफ ॲटर्नीने होत नाही.

एकट्यानेच यावं, असं म्हणण्याला आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२१ तुम्ही एका ओळीत लिहिलात. वडील गेले, पोचता आलं नाही. त्यानंतर दोन-सव्वादोन वर्षांत तुम्ही जर्मनी सोडलीत, आता कॅनडातही मन लागत नाही. मी डॉक्टर नाही आणि न भेटलेल्या माणसाबद्दल ठाम बोलणं बरं नव्हे. पण ‘थंडी फार आहे’ म्हणणाऱ्या माणसाला दर वेळी थंडीच छळत असते असं नाही. ज्या घरी ते पोचू शकले नाहीत, ते घर आता पाडलं जाणार आहे. त्याआधी त्या घरात त्यांनी महिनाभर राहावं. वडिलांचं कपाट, फायली, माळ्यावरचा पसारा हे सगळं पॅकर्स-मूव्हर्सनी भरून टेम्पोत टाकायच्या आधी मुलाने स्वतः उघडून बघावं. वाटलं तर कोणाशी नीट बोलावं. ठाण्यातच १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करणारी आयपीएच ही संस्था आहे, तिथे जायला ‘काहीतरी झालेलं’ असावं लागत नाही. हे तुम्ही सुचवलंत तर टोमणा वाटेल. त्यांना हे पत्र वाचायला द्या आणि मला शिव्या घालू देत.

कासारवडवलीच्या फ्लॅटबद्दल मी थोडक्यातच बोलणार. ती गुंतवणूक आहे, ती तशीच राहू द्या. ‘आपला फ्लॅट आहेच’ म्हणून तिथे राहायला जाणं म्हणजे बूट घेतलेत म्हणून त्या मापाचा पाय करणं. तुम्ही तो एकदाच पाहिलाय. तिथून सासूबाई लांब, नेरूळ त्याहून लांब, आणि तुमचं काम कुठे असेल ते अजून माहीत नाही. भाडेकरू राहू दे. फक्त तुम्ही एनआरआय असताना तो भाड्यातून टीडीएस कापून भरतोय का, आणि भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे एनआरआयच्या भारतातल्या कमाईसाठीच्या खात्यात, जमा होतंय का, एवढं तपासा. पुष्कळ भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं आणि मालकही सांगत नाहीत.

आता तुम्ही तिघं. इथे मात्र मी घाई करू नका असं म्हणेन, आणि त्याला भावनिक कारण नाही, कॅलेंडरचं आहे.

कॅनडाचं नागरिकत्व मागायला अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे प्रत्यक्ष राहिलेलं असावं लागतं. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस पुरतात. तुम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये उतरलात. अधूनमधून ठाण्याला आलात ते दिवस वजा केले तरी यंदाच्या वर्षअखेरीपर्यंत तुमचे १०९५ व्हायला हरकत नाही. हे दिवस प्रत्येकाचे वेगळे मोजले जातात, त्यामुळे नवरा दोन महिने ठाण्याला आला तर त्याचे कमी होतील, तुमचे नाही. पण पुष्कळांच्या लक्षात येत नाही ते पुढेच आहे. दिवस भरले की लगेच अर्ज केलाच पाहिजे असं नाही. मोजणी अर्जाच्या तारखेपासून मागे पाच वर्षं जाते. म्हणजे पुढच्या वर्षी जूनमध्ये तुम्ही एका वर्षासाठी ठाण्याला आलात आणि २०२८ च्या उन्हाळ्यात परत गेलात, तरी आधी भरलेले दिवस त्या पाच वर्षांतच बसतात. फक्त फार लांबवू नका, कारण ऑगस्ट २०२८ नंतर तुमचे सुरुवातीचे दिवस एकेक करून गळायला लागतील.

थोडक्यात, ठाण्यात एक वर्ष राहून बघायला तुम्हाला कॅनडा सोडावा लागत नाही. ओंटारिओच्या तुमच्या नोंदणीचंही तसंच. तिथल्या कॉलेजची, म्हणजे फिजिओंची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, अट पाच वर्षांत १२०० तास प्रॅक्टिसची आहे, एका वर्षाच्या खंडाने ती मोडत नाही. जायच्या आधी त्यांना रीतसर कळवा, ईमेल जपून ठेवा. ओहिप, म्हणजे ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा, मात्र जाऊ शकतो, कारण त्यासाठी एरवी बारा महिन्यांतले १५३ दिवस ओंटारिओत असावं लागतं. इथल्या वर्षासाठी तिघांचा आरोग्य विमा वेगळा घ्या.

हे वर्ष घालवायचं कसं, याबद्दल मी जरा हट्टी आहे. घर पाचपाखाडी-नौपाडा भागात भाड्याने, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, रजिस्टर केलेलं. सासूबाई तेव्हा जिथे भाड्याने असतील तिथून चालत जाता येईल असं, पण त्यांच्या घरात नको. ठाण्याहून नेरूळला ट्रान्सहार्बरची थेट लोकल आहे, अर्ध्या-पाऊण तासात तुमच्या आईकडे. तुम्ही पहिल्या महिन्यापासून काम करायचं. मला भीती कसली आहे ते स्पष्टच सांगते. हे ‘वर्क फ्रॉम होम’ करतील, सासूबाईंना दोन वेळा डबा जाईल, मुलीचा अभ्यास, बाईची सुट्टी, सिलिंडर, सगळं तुमच्या अंगावर येईल आणि वर्षाच्या शेवटी घरातले सगळे म्हणतील, किती छान झालं ठाण्याला आलात ते. ती परीक्षा ठाण्याची होणार नाही, तुमच्या सोशिकपणाची होईल. महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेकडची तुमची नोंदणी चालू आहे का, आत्तापासून बघा. ठाण्यात फिजिओला काम आहे, क्लिनिकमध्ये आहे, घरी जाऊन करण्यासारखंही भरपूर आहे, कारण गुडघे बदललेली माणसं प्रत्येक सोसायटीत आहेत. पैसे ओंटारिओच्या मानाने फार कमी मिळतील. ते धरून चाला, नाहीतर पहिल्याच महिन्यात रुपयाचे डॉलर करत बसाल.

मुलीची शाळा हा त्या वर्षातला सगळ्यांत अवघड भाग असेल. तिकडचं वर्ष सप्टेंबर ते जून, इथे राज्य मंडळाचं जूनच्या मध्यावर सुरू होतं आणि बऱ्याच सीबीएसई, आयसीएसई शाळांचं एप्रिलमध्ये. म्हणून जून. शिवाय २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. बोलता येणं आणि बाराखडी लिहिता येणं यात फरक असतो, तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात रोज थोडं लिहायला बसवा. बाहेर बर्फ असतोच. आणि तिला खरं सांगा: एक वर्ष, मग ठरवू, ठरवताना तुलाही विचारू. विचाराल तर तिचं ऐकण्याची तयारी ठेवा, उगाच विचारू नका.

पैशाचं एवढंच लक्षात ठेवा की त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस इथे राहिलात की तुम्ही करासाठी निवासी ठरता. इतकी वर्षं बाहेर काढल्यामुळे सुरुवातीला ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळायला हवा आणि तेव्हा परदेशातलं व्याज वगैरे इथल्या करातून बाहेर राहतं. पण ठाण्यात बसून कॅनडातल्या कंपनीचं काम केलं तर तो पगार भारतात कमावलेला धरला जातो, हे ह्यांच्या मनात पक्कं बसवा. तिकडची कंपनी परवानगी देईल का हाही प्रश्न आहेच. एक चांगला सीए गाठा. तिकिटं काढायच्या आधी, नंतर नव्हे. जर्मनीतही ह्यांची पेन्शनची वर्गणी पाच वर्षांहून जास्त भरली गेली असणार, म्हणजे त्यांना तिथल्या म्हातारपणच्या पेन्शनचा हक्क लागू झालाय. तुमची किती भरली ते तिथल्या पेन्शन कार्यालयाच्या पत्रावर असतं. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, ते पत्र कुठल्या तरी खोक्यात असेल, शोधून काढा.

वर्ष संपल्यावर काय? ठाणं मानवलं तर पीआर जाणूनबुजून सोडा, ‘असू दे, कधी लागलं तर’ असं म्हणत अर्धवट धरून ठेवू नका. परत जावंसं वाटलं तर जा आणि नागरिकत्वाचा अर्ज करा, मग भारताचा पासपोर्ट जाईल आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, मिळेल. त्यावर इथे राहता येतं, कामही करता येतं, मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. दोन्हीपैकी काहीही झालं तरी त्यापुढची पाच वर्षं देश हा विषय घरात बंद. हे दोघांनी आधी कबूल करायचं, मगच जूनची तिकिटं. कबूल होत नसेल तर ठाण्याचं वर्षही घेऊ नका, ते निव्वळ आणखी एक स्टेशन होईल.

तोवर मिसिसागात तुमची वर्ष-दीड वर्ष आहेत. ती नीट जगा. ११० व्होल्टचा मिक्सर तिथल्या कुठल्याही देशी दुकानात मिळतो. उद्याच आणा आणि तो ट्रान्सफॉर्मर ओट्यावरून हलवा, जागा किती मोकळी होते बघा. मुलीला फिश टँक घ्या. निघताना तो शेजारच्या एखाद्या पोराला देता येतो, आणि आठ वर्षांच्या मुलीला ते कळतं. नवऱ्याने व्हिडिओ बघू नयेत असं मी म्हणणार नाही, त्यांचा विरंगुळा आहे. पण ‘आपण तिथे’ हे दोन शब्द त्या व्हिडिओंपुढे लावायचे नाहीत.

या आठवड्यात करायचं काम एकच आहे. सासूबाईंना फोन करा, आधी त्यांना काय हवंय ते विचारा, आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरीकडून कराराच्या मसुद्यावरची सभा कधी आहे ते काढून घ्या. नवऱ्याचं तिकीट त्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधीचं काढा. मसुदा सभेत वाचायला मिळत नाही, तो आधीच मागून घ्यावा लागतो.